सैनिकाच्या मनाची जखम आणि पेन्शनचा हक्क

फौजेतून परतलेल्या जवानाचा हात किंवा पाय गेला असेल, तर त्याला पेन्शन कशाची, असे कोणी विचारत नाही. पण तोच जवान रात्री दचकून उठत असेल, माणसांत बसत नसेल, घरच्यांवर धावून जात असेल, तर आमच्या धामणगाव बढेसारख्या गावात लोक म्हणतात, "बाहेरचं लागलं." अंगारे-धुपारे सुरू होतात आणि डिस्चार्जचे कागद पेटीच्या तळाशी जातात. हक्क मात्र त्याच कागदांत असतो.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतली मुले फौजेत गेली. म्हणून हा विषय प्रत्येक घराने समजून घ्यावा.

अपंगत्व पेन्शनसाठी आजार नोकरीमुळे जडला किंवा नोकरीमुळे बळावला, हे ठरावे लागते. मनाच्या आजारापुढे वैद्यकीय मंडळ पुष्कळदा "उपजत दोष, सेवेशी संबंध नाही" असा शेरा मारते. घरचे लोक तो शेरा म्हणजे शेवटचा निकाल समजतात. तो तसा नाही.

२ जुलै २०१३ रोजी धर्मवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठा आधार दिला. त्या जवानाचा आजार फेफऱ्याचा होता, पण तत्त्व सर्वांसाठी आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा तनामनाने धडधाकट होता असे धरावे. सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणातही न्यायालयाने कारणाविना दिलेले मत मान्य केले नाही. मात्र २०१९ साली अशाच आजाराचा एक दावा फेटाळलाही गेला. म्हणजे पेन्शन आपोआप मिळत नाही, कागदाने लढावे लागते. शिवाय २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. त्यानंतर सुटलेल्यांनी आपल्याला कोणते नियम लागतात, हे आधी पाहावे.

मी कारकून माणूस, म्हणून कागदाचेच सांगतो. डिस्चार्ज बुक, मंडळाचा अहवाल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि कुठे-कुठे पोस्टिंग होते त्याची यादी एका फाइलीत लावा. अहवाल नसेल तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागा. बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. अपील नाकारले गेले, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे.

"आता फार वर्षे झाली," म्हणून गप्प बसू नका. पेन्शन दरमहा थकत जाते, म्हणून हा अन्याय चालूच राहतो, असे न्यायालयाने २००८ साली मानले. थकबाकी मात्र साधारणपणे दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे उशिराचे प्रत्येक वर्ष घराला महागात पडते.

माताभगिनींनो, घरातल्या जवानाला वेडा म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या, चिठ्ठी जपून ठेवा. तीच चिठ्ठी उद्या त्याची साक्ष देईल.