मान कोणाची वळली?

"ते पाय! पाय, पाय... थांबव. इथं. पोट्ट्यानं मान वळवली का नाई?"

टपरीच्या बाकावर मोबाइल आडवा धरलाय आणि सात-आठ डोकी त्यावर वाकली आहेत. काचेवर ऊन पडतंय म्हणून एकानं गळ्यातला दुपट्टा काढून वर ताणून धरलाय. व्हिडिओ काही सेकंदांचाच आहे. आधी नुसती धूळ. धुळीतून दोन बैलजोड्या निघतात, डावीकडची जोडी गळाभर पुढे. छकड्यावर वाकून बसलेला लाल बनियनमधला पोरगा. निशाण आता हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात छकड्याचं उजवं चाक दोन दाणींच्या, म्हणजे धावपट्ट्यांच्या, मधल्या वरंब्यावर चढतं, छकडा हवेत उसळतो, पोरगा एका कुशीवर लटकतो आणि उजवीकडची जोडी सरळ निघून जाते. मग कोणाचा तरी धक्का लागतो, मोबाइलमध्ये आभाळ दिसतं आणि व्हिडिओ संपतो.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावतात. मी आलो तेव्हापासून हेच चाललंय.

गोसीखुर्द धरणाची भिंत इथून दिसते. ११ किलोमीटरांहून जास्त लांबीची, ३३ दारांची. धान निघालेल्या बांद्यांचे धुरे मोडून, ट्रॅक्टर फिरवून, पाणी मारून शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, दोन दाणी तयार केल्यात, एकमेकींना चिकटून, सरळ रेघेत. मंडपात पहिल्या बक्षिसाची मोटरसायकल उभी आहे, हँडलला झेंडूचा हार, सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच. लाल बनियनवाल्याची जोडी शेवटच्या चौघांत होती. वरंबा चढली नसती तर ती आता मोटरसायकलसाठी धावली असती. आता ती तिसऱ्या नंबरासाठी धावणार आहे. बैलांना दम खाऊ द्यायला कमिटीनं अर्धा तास दिलाय. त्या अर्ध्या तासात टपरीवर खटला उभा राहिलाय.

फिर्यादी म्हणजे काकाजी. सत्तरीचे, पांढऱ्या मिशा, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. एके काळचे नावाजलेले धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे. त्यांना 'जी' लावल्याशिवाय इथं कोणी बोलत नाही, आणि त्यांचं बोलणं मधे तोडायची हिंमत फक्त चहावाल्या काकूंना आहे.

"दाणीवर उतरलं का माणसानं दोनच गोष्टी पावाच्या," काकाजी सांगतात, "बैलाचे कान आन् समोरचा निशान. बाजूचा कुठवर आला ते पाहाले तुले कोणं सांगतलं? मान वळली का खांदा वळते, खांदा वळला का हात ओढते, हात ओढला का कासरा ओढते. बैलाले काय वाटन? मालक म्हणते उजवीकडं चाल. तो गेला. बैल तं हुशार निघाला, बह्याड तं वर बसला होता."

लोक हसतात. खरं सांगायचं तर हे इतकं चोख मांडलेलं आहे की मलाही पटतं.

"पण जी," ओठावर जेमतेम मिसरूड फुटलेला एक जण म्हणतो, "मालकाचं काहीच नाई का? नेहमीचा धुरकरी कालपर्यंत होता. पैशावरून बिनसलं, तो रातीच निघून गेला. अन् सकारी या पोट्ट्याले सांगतलं, बस बाप्पा. मोठ्या दाणीवर पयल्यांदाच बसला ना तो."

"मंग नाई म्हणाचं होतं त्यानं."

"कोन नाई म्हणते जी? तुमी म्हटलं असतं?"

काकाजी चहाचा घोट घेतात. या प्रश्नाचं उत्तर येत नाही.

मोबाइल ज्याचा, तो पोरगा नागपूरला गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला आहे. सुटी काढून पटासाठी आलाय आणि त्याच्या टी-शर्टवर फेरारीचा घोडा आहे. तो एवढा वेळ गप्प होता. आता म्हणतो, "हॅमिल्टनचं असंच झालं होतं."

"कोनाचं?"

मग तो सांगायला लागतो. फॉर्म्युला वन, २००७ साल. लुईस हॅमिल्टनचं पहिलंच वर्ष, आणि नवखा पोरगा थेट जगज्जेतेपदाच्या दारात. शेवटच्या दोन शर्यती बाकी, दुसऱ्या नंबरावरच्या अलोन्सोपेक्षा १२ गुण पुढे. चीनमध्ये, शांघायला, पाऊस पडून ट्रॅक वाळत चाललेला. गाडीला ओल्यातले टायर, त्यांची मागची रबरं पार झिजलेली. टायर बदलायला तो पिटकडे वळला आणि पिटच्या तोंडाशीच घसरून बारीक गिट्टीत रुतला. चाकं जाग्यावर फिरत राहिली. शर्यत तिथंच संपली. पुढे ब्राझीलला गिअरबॉक्सनं दगा दिला, तो सातवा आला आणि किमी रायकोनेन ११० गुणांवर जगज्जेता झाला. हॅमिल्टनचे १०९.

"एका गुनानं?" दुपट्टा धरणारा विचारतो. हात दुखतोय हे तो विसरलाय.

"एका गुणानं. अन् आजपर्यंत लोक भांडतात का चूक कोणाची. त्याची का टीमची. टायर गेलेत हे सगळ्यांना टीव्हीवर दिसत होतं, टीमनं त्याला बाहेरच ठेवलं."

"म्हणजे मालकाची," मिसरूडवाला लगेच उचलतो.

"गाडी तं त्याच्याच हातात होती ना," काकाजी म्हणतात. "रुतवली त्यानं."

शांघायचा निकाल गोसीखुर्दच्या टपरीवर लागायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दोन तट पडतात. गंमत म्हणजे बसल्या जागा कोणी बदलत नाही. जे पोराच्या विरुद्ध होते ते हॅमिल्टनच्याही विरुद्ध, जे मालकावर चिडलेत ते टीमवरही. टेकून बसलेले एक गुरुजी, निवृत्त असावेत, मधेच विचारतात की पुढे त्या हॅमिल्टनचं काय झालं. पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला, आणि एकूण सात वेळा, हे ऐकून गुरुजी मान हलवतात आणि काकाजींकडे बघतात. काकाजी दुसरीकडे बघतात.

फेरारीवाला आता रंगात आलाय. २०२५ च्या मार्चमधली मेलबर्नची गोष्ट काढतो. इझाक हाजार नावाचा पोरगा, पहिलीच शर्यत, आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीची जी सावकाश फेरी असते तिच्यातच ओल्या ट्रॅकवर गाडी भिंतीला मारून बसला. "हेल्मेट काढलं नाही त्यानं, आतल्या आत रडत चालला होता. एका मोठ्या माणसानं टीव्हीवर म्हटलं का लाज आणली. अन् त्याच्या पाठीवर हात ठेवाले कोण आलं? हॅमिल्टनचे वडील."

"बापाले मालूम राहते," काकू म्हणतात आणि गाळणी आपटतात. टपरीवरचं हे एकच वाक्य, ज्यावर कोणी उलट बोलत नाही.

मी उठतो आणि मंडपाच्या मागं जातो. जोडी बाभळीखाली बांधलीय. दोन्ही बैल पांढरे, उजव्याच्या कपाळावर करडा ठिपका. लाल बनियनवाला खाली उकिडवा बसून उजव्या बैलाचा खूर ओल्या फडक्यानं पुसतोय. एकोणीस-वीसचा असेल. माझ्याकडे बघत नाही. फडकं पिळायला हात वर करतो तेव्हा तळवे दिसतात. उजवा कोरा आहे. डाव्यावर करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत लाल वळ उठलाय, मधे कातडी सोलून निघालीय, त्यात धूळ बसलीय.

डावा. म्हणजे वरंबा चढताना तो जिवाच्या आकांतानं डावा कासरा ओढत होता. बैल आधी वळला आणि पोरानं त्याला आवरायला मान वळवली, असं तर नसेल? की आधी उजवा ओढला गेला आणि मग डावा? व्हिडिओत धूळ आहे, तळहातावर वेळ लिहिलेली नाही. विचारावंसं वाटतं, पण तो दुसरा खूर घेतो आणि बैलाशी काहीतरी पुटपुटत राहतो. मी परत फिरतो.

टपरीवर तोवर गाडी जुन्या दिवसांवर गेलीय. काकाजी त्यांच्या गावच्या पटाबद्दल सांगतायत. ते गाव आता नाही. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी धरणाची पायाभरणी केली, खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. पुढं तो किती पट वाढला हे या भागात शेंबडं पोरही सांगतं. "आमची दाण तिकडं, पान्यात," काकाजी भिंतीपलीकडं हात करतात. "पुनर्वसनात घर भेटलं. दाण कोन देते?"

मग बंदी आली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटींवर पुन्हा सुरू करू दिल्या. १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदाही कायम केला. गुरुजींना या तारखा तोंडपाठ आहेत. कलेक्टरची परवानगी, डॉक्टरचा दाखला, हजार मीटरच्या आत धाव, हातात काठी नाही, तुतारी नाही, विजेचा झटका नाही, शेपटी पिरगाळणं नाही.

"साडेसात वर्सं," काकाजी बोटं नाचवतात. "हा पोट्टा तवा शारेत होता. कोनाच्या मांगं बसून शिकन? आमी बापाच्या मांगं बसून शिकलो."

पहिल्यांदाच ते पोराच्या बाजूनं काहीतरी बोललेत, आणि त्यांच्या ते लक्षात आलेलं नाही. पण मला वेगळीच शंका येते. काकाजी जे शिकले त्यातलं आज चालण्यासारखं किती आहे? शेवटच्या टप्प्यात जोडी खेचायची तर त्यांच्या काळी हातात तुतारी होती, तिच्या टोकाला खिळा होता, दुसऱ्या हातात शेपटी होती. चूक झाली तरी एक टोचा देऊन निभावता यायची. या पोराकडे दोन कासरे आणि घसा एवढंच आहे. मोकळ्या हातांची शर्यत टपरीवरच्या एकाही पंचानं कधी हाकलेली नाही. मला स्वतःला ती तुतारी गेली ते बरंच झालं असं वाटतं, पण हे इथं बोलून दाखवायची ही वेळ नव्हे.

बोलायची वेळ दुसऱ्याच कोणावर येते. जोडीचा मालक येऊन उभा राहतो. चेहरा उतरलेला. बालाघाटचा एक व्यापारी सकाळपासून जोडीवर डोळा ठेवून होता, काही लाखांपर्यंत बोलणं गेलं होतं. वरंब्यानंतर तो भज्यांच्या दुकानावर जाऊन बसलाय. मालक सगळ्यांसमोर हात जोडतो.

"काकाजी, तुमीच बसा ना आता. एकच धाव आहे. तेवढी इज्जत राहते."

टपरी गप्प. दुपट्टा खाली येतो. काकाजी मिशीवरून हात फिरवतात, धोतर सोडतात, पुन्हा खोचतात.

"घुटना," ते म्हणतात. "घुटना साथ देत नाई गा आता."

"घुटना कशाले लागते जी, बसाचंच तं आहे," मिसरूडवाला.

"अन् हातात काई नाई," काकाजी चिडून म्हणतात. "शेपटीले हात लावाचा नाई, काठी नाई. नुसता ओरडून बैल परते का? मले नाई जमत तो."

हशा असा उठतो की माइकवालाही इकडं बघतो. काकूंच्या हातातला चहा हिंदकळतो. सगळ्यात जास्त काकाजीच हसतात, आणि हसता हसता मालकाला म्हणतात, "जा, त्यालेच बसव. अन् सांग त्याले, कान पाय. बैलाचे कान."

झेंडी पडते. मी या वेळी निशाणाजवळच्या बल्लीला धरून उभा आहे. पोरगा छकड्यावर इतका वाकलाय की बनियनचा लाल ठिपका दोन वशिंडांच्या मधोमध दिसतो. ओरडतोय, पण शब्द नाहीत, एकच लांब हाक. मान सरळ. चाकं दाणीच्या मधोमध, वरंब्यापासून हातभर लांब. एक चूक नाही. आणि तरी जोडी हरते. अर्ध्या मुंडीनं नाही, चांगली छकडाभर मागं.

माइकवर विजेत्यांचं नाव घुमतं. टपरीवर क्षणभर कोणालाच काय बोलावं ते कळत नाही. दोष द्यायला पोरानं काही ठेवलेलंच नाही. मग वाट सापडते.

"जोडीच कमी आहे, मी सकारपासून म्हनून रायलो," सकाळपासून असं काहीही न म्हणालेला एक जण म्हणतो. "ढेप कमी पडली." "डावा बैल दमला होता." "दाणच डावीकडची भुसभुशीत आहे, कमिटीले सांगा." फेरारीवाला नवा व्हिडिओ लावतो, दुपट्टा पुन्हा वर जातो.

बालाघाटचा व्यापारी भज्यांचा कागद चुरगाळत मंडपाच्या मागं येतो. मालक पुढं होतो, पण व्यापारी बैलांकडं बघतही नाही.

"ये लड़का किसका है?" तो विचारतो. "एक पट का क्या लेता है?"

मालक तोंड उघडतो. त्याच्या आधी, दुखरा गुडघा विसरून, लगबगीनं काकाजी येऊन मधे उभे राहतात.

"हमारा लड़का है," ते म्हणतात. "मेरे से बात करो."