परदेशी साहाय्याच्या योजनेचा चवथा रकाना

एका देशानें दुसऱ्या देशाच्या जमिनींत योजना आंखावी, तिजवर अलोट पैसा ओतावा, आणि शेवटीं हातीं फारसें कांहीं लागूं नये, असें कां होतें? भुईमूग पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस टांगानिकाचें, म्हणजे हल्लींच्या टांझानियाचें, उदाहरण सहज उमजेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत तेल व चरबी यांची टंचाई पडली. १९४६ सालीं तीन तज्ज्ञांनीं सुमारें नऊ आठवडे, बराचसा विमानांतूनच, पूर्व आफ्रिकेचा मुलूख पाहिला आणि सुमारें ३२ लक्ष एकरांवर भुईमूग करण्याची शिफारस केली. १९४७ सालीं कोंग्वा येथें झाडोरा तोडण्यास आरंभ झाला. तेथील माती चिकण. पावसाळा सरतांच ती विटेसारखी कठीण होई व तींतील वाळूनें अवजारें झिजत. शेंगा काढण्याच्या वेळीं जमीन अशी झाली म्हणजे काय गत होते, हें आम्हीं सांगावयास नको. पाऊसही बेभरंवशाचा. गोगो शेतकरी या अवर्षणाशीं पिढ्यान्‌पिढ्या झगडत आलेले. परंतु त्यांच्या अनुभवास योजनेंत जागा मिळाली नाहीं. १९५१ च्या जानेवारींत योजना मोडीत निघाली, तोंवर साडेतीन कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला होता.

पुढें १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या परदेश-साहाय्य खात्यासाठीं 'लॉजिकल फ्रेमवर्क' नांवाचें एक पत्रक निघालें. तें आजही अनेक देशांत वापरतात. त्यांत खालून वर चार ओळी असतात: साधनें, निष्पत्ति, हेतु व अंतिम उद्दिष्ट. रकानेही चार. पहिल्यांत काय करावयाचें तें; दुसऱ्यांत तें झालें हें ओळखण्याचें माप; तिसऱ्यांत तें माप कोठून मिळवावयाचें तें; आणि चवथ्यांत गृहीतें, म्हणजे चालकाच्या हातीं नसलेल्या, पण ज्यांवांचून खालची ओळ वरच्या ओळीस पोंचत नाहीं अशा गोष्टी. आमचें आयुष्य महसुली नमुन्यांत गेलें. शेवटचा 'शेरा' रकाना कोरा सोडण्याची कारकुनी खोड आम्हीं पुष्कळ पाहिली आहे. या चवथ्या रकान्यासही तेंच भय.

कोंग्वाचें पत्रक भरून पाहावें. ट्रॅक्टर, बीं, मजूर हीं साधनें. साफ झालेली व पेरलेली जमीन ही निष्पत्ति. पेरणीपासून पिकापर्यंत जाण्यास मात्र 'पाऊस वेळेवर पडेल' व 'काढणीपर्यंत माती मऊ राहील' हीं दोन गृहीतें लिहावीं लागतात. तीं कागदावर आलीं असतीं, तर दोन-तीन हंगाम लहान तुकड्यावर पेरून पाहण्याची मागणी कोणीही केली असती. आपल्या गांवीं परकी साहाय्याची योजना आली, तर आमच्या वाचकांनीं प्रथम हाच रकाना मागावा, आणि तो आपल्या समक्ष भरून घ्यावा.

भरल्यावर त्याचा नियम असा: गृहीत खात्रीचें असेल तर तें गाळावें, संशयित असेल तर त्यावर नजर ठेवावी, खरें ठरण्याचा संभव नसेल तर योजनाच बदलावी, आणि बदलतां येत नसेल तर ती हातीं घेऊं नये.