कॅसेटमधली गाणी संगणकावर

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत जुन्या पेट्या उघडल्या, तर भीमगीतांच्या कॅसेटी आजही निघतात. वामनदादा कर्डक व प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. फितीही आता चिकटू लागल्या आहेत. म्हणून आम्ही काही बांधव त्या संगणकावर उतरवून घेत आहोत.

टेपच्या हेडफोनच्या खाचेतून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये लावायची आणि ‘ऑडॅसिटी’ सुरू करायचे. ते २००० सालापासून मोफत मिळते. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटेच लागतात, तेथे घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाने मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. ‘फ्लॅक’मध्ये आवाज न गमावता ती जवळपास निम्मी होते. एमपी-थ्रीला त्याहून पुष्कळ कमी लागते, पण त्यात आवाजाचा काही अंश कायमचा गळतो. मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवावी, वाटायला एमपी-थ्री पुरे.

आता ऐकायचे कशावर? पुष्कळांना १९९७ चा ‘विनॅम्प’ आठवेल. तो फुकट मिळे, पण त्याची आज्ञावली कंपनीच्या कुलपात होती. २०१३ साली मालक कंपनीने तो बंद करण्याची घोषणा केली तेव्हा वापरणारे हात चोळत बसले. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे तो हा. मुक्त सॉफ्टवेअरची आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता, वाटता येते. एकाने काम सोडले तर दुसरा ते उचलतो. ‘अमारोक’च्या जुन्या रूपातून २०१० मध्ये ‘क्लेमेंटाइन’ निघाला आणि त्यातून २०१८ मध्ये ‘स्ट्रॉबेरी’. (फळांचीच नावे का, ते त्यांनाच ठाऊक!) पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला ‘व्हीएलसी’ २००१ मध्ये मुक्त झाला. २०२२ मध्ये त्याचे संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होते, तरी ज्यांच्या संगणकात तो होता त्यांचे काही अडले नाही.

संगणक जुना व कमी ताकदीचा असेल तर ‘ऑडेशियस’ घ्यावा, तो हलका आहे. शेकडो गाणी असतील तर लिनक्सवर स्ट्रॉबेरी बरा, कारण त्यात गायक, गीतकार, वर्ष अशी माहिती गाण्यासोबत देवनागरीत भरता येते. आमच्या मते खरे काम हेच. बाजारात फिरणाऱ्या एमपी-थ्रीत गायकाचे नाव चुकून असते, गीत लिहिणाऱ्या शाहिराचे तर बहुधा नसतेच. कॅसेटचे वेष्टन हरवले असेल तर वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना गाणे ऐकवून विचारावे. त्यांनाही खात्री नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा, अंदाजाने कोणाचेही नाव घालू नये.