लघुकाव्य आणि इंग्रजीचे अध्यापन

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या उभारणीचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर वसाहत वाढली. तेलुगू, बंगाली, ओडिया, मलयाळी आणि मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढशी त्याचा संबंध होता. जुनवानीसारखी पूर्वीची गावे आज शहराला येऊन मिळाली आहेत आणि तेथे महाविद्यालयेही निघाली आहेत. अशा ठिकाणी इंग्रजीच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या घरी छत्तीसगढी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी तीन भाषांची वाटणी असते. शेजारच्या बाकावरील मुलाच्या घरी मराठी असेल, तर भाषा चार होतात.

या विद्यार्थ्याला इंग्रजी मुळीच येत नाही असे नसते. गाईवरील निबंध त्याला मुखोद्गत असतो, रजेचा अर्जही असतो. परंतु स्वतःच्या मनातील एकही गोष्ट त्याने इंग्रजीत कधी सांगितलेली नसते. दीर्घ लेखनाची त्याला धास्ती वाटते; पहिल्याच वाक्यात चूक होते आणि लेखणी थांबते. लहान काव्यप्रकारांचा उपयोग येथे होतो. तीन किंवा पाच ओळींचे लेखन एका तासिकेत पुरे होते, आणि पुरे झालेली वस्तू पुन्हा वाचता येते, दुरुस्त करता येते.

जपानी हायकूचे ५-७-५ हे माप सर्वपरिचित आहे. मराठीत हायकू रुजविण्याचे श्रेय मुख्यतः शिरीष पै यांना दिले जाते. मराठीने तीन ओळी घेतल्या, यमकही जोडले, पण सतरांच्या मोजणीचा आग्रह फारसा धरला नाही. ती मोकळीक कवितेला मानवली. इंग्रजीच्या वर्गात मात्र मोजणीच अधिक उपयोगी पडते, आणि त्याचे कारण काव्यशास्त्रात नसून उच्चारात आहे.

इंग्रजी हायकूत सिलेबल मोजतात, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह. ‘स्मोक’, ‘स्कूल’, ‘स्टील’ या तीन शब्दांत तीन सिलेबल आहेत. हिंदी प्रदेशातील अनेक विद्यार्थी त्यांचा उच्चार ‘इस्मोक’, ‘इस्कूल’, ‘इस्टील’ असा करतात. मोजणी सहावर जाते आणि पाचाची ओळ बिघडते. मराठी मुलाला ‘स्नान’, ‘स्पर्श’ यांची सवय असल्याने ही अडचण सहसा येत नाही. पण ‘फिल्म’चे ‘फिलिम’ तोही करतो. शिक्षकाने दहादा सांगून जी चूक जात नाही, ती बोटांवर मोजताना विद्यार्थ्याच्या स्वतःच्याच ध्यानात येते.

मोजणीची कल्पना त्याला नवी नसते. दोह्याच्या एका ओळीत १३ आणि ११ अशा २४ मात्रा असतात, हे हिंदीच्या तासाला त्याने शिकलेले असते. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. जपानी मोजणीही या मात्रांना जवळची आहे. ‘हायकू’ हा शब्द जपानी कानाला तीन एककांचा वाटतो, इंग्रजी कानाला दोन सिलेबलांचा. तेव्हा इंग्रजीतील सतरा आणि जपानीतील सतरा हे एकच माप नव्हे. हे विद्यार्थ्याला सांगावे. दोह्यावरून तो ते लवकर समजतो, कदाचित इंग्रज मुलापेक्षाही लवकर.

पाच ओळींचा सिंकेन हा प्रकार अमेरिकन कवयित्री ॲडिलेड क्रॅप्सी (१८७८–१९१४) यांनी घडविला. त्याच्या ओळींत अनुक्रमे २, ४, ६, ८ आणि २ सिलेबल असतात. शाळांमधून पुढे त्याचे सोपे रूप रूढ झाले: एक नाम, दोन विशेषणे, तीन क्रियावाचक शब्द, चार शब्दांचे एक विधान आणि शेवटी पहिल्या नामाच्या जागी दुसरे नाम. भिलाईच्या मुलाला पोलादावर असे लिहिता येईल:

स्टील
हार्ड, ब्राइट
मेल्टिंग, पोअरिंग, कूलिंग
इट बिकम्स अ रेल
स्ट्रेंग्थ

चौथी ओळ पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी प्रथम ‘इट बिकम रेल’ असे लिहिण्याचा संभव आहे, कारण उपपद मराठीत नाही, हिंदीत नाही आणि छत्तीसगढीतही नाही. पण हे शब्द तीनच भरतात. चौथा शोधताना ‘अ’ला त्याची जागा सापडते. क्रियापदाचा ‘स’ मात्र मोजणीने सापडत नाही. तो शिक्षकानेच दाखवावा लागतो.

आयरिस टीड्ट यांनी १९६९ साली मांडलेला डायमंटी हा सात ओळींचा प्रकार याच जातीचा. तो एका नामापासून निघून त्याच्या विरोधी नामाशी संपतो. शब्दसंग्रहाला चांगला, कवितेला बेताचा. या सर्व साच्यांचा धोका उघड आहे. रिकाम्या जागा भरल्या की कविता झाली अशी समजूत होते आणि गाईवरील निबंधाचाच पाच ओळींचा अवतार तयार होतो. म्हणून साचा दोन-तीनदाच वापरून सोडून द्यावा हे बरे.

आघातासाठी लिमरिक. एडवर्ड लिअर यांच्या १८४६ सालच्या पुस्तकाने हा प्रकार लोकप्रिय केला. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ तीन आघातांची, मधल्या दोन दोन-दोन आघातांच्या. आपल्याकडील इंग्रजी बोलण्यात प्रत्येक सिलेबलला सारखेच वजन मिळते. लिमरिक तसे वाचले तर त्याचा ठेका लागत नाही. टाळीवर म्हणून घेतल्यास दुबळे सिलेबल आपोआप आवरते होतात.

छत्तीसगढमध्ये दोन ओळींचा ददरिया शेतात काम करताना गातात. त्याची पहिली ओळ पुष्कळदा डोळ्यांसमोरची एखादी वस्तू सांगते आणि यमक जुळवून देते. मनातले दुसऱ्या ओळीत येते. एक चित्र आणि त्याला लागून एक भाव ही हायकूची रीत समजावून देण्यासाठी जपानपर्यंत जाण्याची गरज नाही. वर्गात या गाण्याचा उल्लेख बहुधा होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तपासणीचा प्रश्न नाजूक आहे. तीन ओळींवर लाल शाईच्या सहा खुणा पडल्या तर विद्यार्थी चौथी ओळ कधीच लिहिणार नाही. आधी अर्थाविषयी विचारावे, मग मोठ्याने वाचून घ्यावे. निम्म्या चुका वाचतानाच दिसतात. उरलेल्यांपैकी एकच त्या दिवशी घ्यावी.

अमेरिकन कवी केनेथ कॉक यांनी न्यूयॉर्कमधील प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहवून घेतल्या आणि तो अनुभव १९७० साली पुस्तकरूपाने मांडला. मुलांनी इंग्रजी कवितेत स्पॅनिश शब्द घालावेत, असाही एक पाठ त्यांत आहे. जुनवानीच्या वर्गाला ही मुभा अधिकच लागते. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेल्या भाताला छत्तीसगढीत ‘बासी’ म्हणतात. उन्हाळ्यात तो आवडीने खातात. त्याचे ‘स्टेल राइस’ असे भाषांतर केले की पदार्थ नासका ठरतो. ‘बासी’ तसाच ठेवावा. त्यात दोनच सिलेबल आहेत, आणि क्रॅप्सीच्या पहिल्या ओळीला तेवढेच लागतात.