खेळांचे परीक्षक आणि खेळणारांचा विश्वास



परीक्षण हा शब्द मराठी वाचकाला नवा नाहीं. १८६७ सालीं निघालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'च्या काळापासून आमच्या मासिकांत पुस्तकांचीं परीक्षणें येत आलीं आहेत, आणि मासिकाच्या अखेरच्या पानावरील 'साभार पोंच' हें सदर तर त्याहूनहि ओळखीचें आहे. ग्रंथकारानें आपली प्रत विनामूल्य पाठवावी, संपादकानें ती पोंचल्याचें कळवावें, आणि सवडीनें कोणा जाणत्याकडून तिजवर अभिप्राय लिहवून घ्यावा, अशी ही रीत. फुकट आलेल्या प्रतीवर निर्भीड अभिप्राय कसा द्यावा, हा प्रश्न या रीतीबरोबरच जन्मास आला. आज तोच प्रश्न एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे व्हिडिओ गेमच्या क्षेत्रांत, इतका तीव्र झाला आहे कीं, खेळणाऱ्या तरुणांपैकीं पुष्कळजण नामांकित परीक्षकांच्या शब्दावर विश्वास ठेवीनासे झाले आहेत. हें असें कां झालें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

पोराटोरांच्या खेळाचें परीक्षण तें काय, आणि त्यावरील विश्वास उडाला तर कोणाचें काय बिघडलें, अशी शंका वडील मंडळींपैकीं कोणी काढील. शंका स्वाभाविक आहे. पण थोडा हिशेब मांडून पाहावा. प्लेस्टेशन ५ हें यंत्र २०२१ च्या फेब्रुवारींत भारतांत विक्रीस आलें, तेव्हां त्यावर खेळावयाच्या मोठ्या नव्या गेमची किंमत ४,९९९ रुपये अशी असे. २०२४-२५ च्या हंगामासाठीं सरकारनें सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला होता. म्हणजे मुखेड तालुक्यांतील शेतकऱ्याचें एक क्विंटल सोयाबीन, आणि तेंहि हमीभाव पदरांत पडलाच तर, त्या भावानें एका गेमलासुद्धां पुरत नव्हतें! यंत्राची किंमत निराळीच. इतका पैसा ज्याच्या शब्दावर खर्चावयाचा, त्याचा शब्द कितपत खरा, हें विचारण्याचा हक्क खर्च करणाऱ्याला आहेच आहे.

माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत लाल कंधारी किंवा देवणी बैल घ्यावयास गेलेला शेतकरी स्वतः दांत पाहतो, खूर पाहतो, जनावर चार पावलें चालवून पाहतो. आणि इतकें करूनहि बरोबर गांवांतला एखादा जाणता माणूस नेतो. गेमच्या बाबतींत दांत पाहण्याची सोय नाहीं. चाळीस-पन्नास तास खेळल्यावांचून तिचा खरा गुण किंवा दोष कळत नाहीं, आणि पैसे मात्र आधीं मोजावे लागतात. म्हणून गिऱ्हाइकाची सारी भिस्त त्या जाणत्यावर असते. तो जाणता विकणाऱ्याच्या राहुटींत आदल्या रात्रीं जेवला होता असें मागाहून कळलें, तर काय वाटेल? बैल कदाचित् उत्तमच असेल. पण पुढल्या यात्रेला त्या माणसाला कोणी बरोबर नेणार नाहीं.

आतां ही राहुटी कशी असते तें पाहूं. नवी गेम विक्रीस येण्यापूर्वीं कांहीं दिवस कंपनी निवडक परीक्षकांना तिची प्रत देते, आणि अमुक दिवशीं अमुक वाजेपर्यंत एक अक्षरहि प्रसिद्ध करूं नये, अशी अट घालते. या अटीला त्या धंद्यांत 'एम्बार्गो' म्हणतात. अट मुळांत वाईट नाहीं. सर्वांना सारखा अवधि मिळावा, घाईनें कोणी अर्धवट लिहूं नये, हा तिचा चांगला हेतु. परंतु प्रत कोणाला द्यावयाची, कोणत्या यंत्रासाठीं द्यावयाची, आणि काय दाखवूं द्यावयाचें, हें सारें कंपनीच्याच हातीं राहतें. याचा परिणाम काय होतो, याचें मोठें उदाहरण २०२० च्या डिसेंबरांत घडलें. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीची 'सायबरपंक २०७७' ही गेम १० डिसेंबरला बाहेर पडली. विक्रीपूर्वीं परीक्षकांना जी प्रत मिळाली ती केवळ संगणकावर चालणारी होती. आणि स्वतः खेळतांना टिपलेलीं दृश्यें दाखविण्यास मनाई होती, कंपनीनें दिलेलींच दाखवावयाचीं. परीक्षणें बहुतेक प्रशंसेचीं निघालीं. पण ज्यांनीं प्लेस्टेशन ४ सारख्या जुन्या यंत्रासाठीं ती विकत घेतली, त्यांना ती धड चालेना. चित्रें अडखळत, खेळ मध्येंच बंद पडे. कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली, आणि आठवडाभरांत सोनीनें आपल्या दुकानांतून ती गेम काढून घेऊन गिऱ्हाइकांना पैसे परत देऊं केले. ती परत विक्रीस आली ती २०२१ च्या जूनमध्यें. येथें परीक्षकांनीं लाच खाल्ली असें कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. त्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें. परंतु त्यांना जें पाहूं दिलें नाहीं, तेंच नेमकें सामान्य गिऱ्हाइकाच्या वांट्यास आलें.

जाहिरातीची भीड हें दुसरें कारण. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आमच्याकडे उगीच पडलेली नाहीं. गेमसंबंधीं लिहिणारीं बहुतेक पत्रें ज्या कंपन्यांच्या मालाचें परीक्षण करतात, त्यांच्याच जाहिरातींवर जगतात. २००७ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील 'गेमस्पॉट' या पत्राचे एक मान्यवर संपादक जेफ गर्स्टमन यांनीं 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकीं सहा गुण दिले. त्याच वेळीं पत्राच्या दर्शनी भागावर त्याच गेमची प्रचंड जाहिरात झळकत होती. गर्स्टमन यांना नोकरीवरून काढण्यांत आलें. कारण बोलावयाचें नाहीं असा करार असल्यानें ते चार वर्षांहून अधिक काळ मुकाट राहिले. २०१२ सालीं करार सुटला, तेव्हां त्यांनीं व्यवस्थापनावर जाहिरातदारांचें दडपण आलें होतें असें उघड सांगितलें. त्यांचे कांहीं सहकारीहि मधल्या काळांत नोकरी सोडून गेले होते. या एका प्रकरणानें जितका विश्वास उडाला, तितका शंभर चुकीच्या परीक्षणांनीं उडाला नसता असें मला वाटतें. चुकलेला परीक्षक लोक विसरतात. पण खरें बोलल्याबद्दल घरीं बसविलेला परीक्षक ते विसरत नाहींत.

गुण देण्याच्या पद्धतीचेंहि एक कोडें आहे. लातूर-नांदेडकडच्या पालकांना तें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. 'लातूर पॅटर्न'च्या या मुलखांत नव्वद टक्के मिळविणाऱ्या मुलाचें तोंडहि कधीं कधीं उतरलेलें दिसतें! गेमच्या परीक्षणांत तीच गत झाली आहे. गुण दहापैकीं असले तरी व्यवहारांत मोठ्या कंपनीच्या गेमला सातांच्या खालीं सहसा कोणी उतरत नाहीं. त्यामुळें सात म्हणजे 'बरी' असें न समजतां लोक 'टाकाऊ' असें समजतात, आणि खालच्या सहा आंकड्यांना कांहीं अर्थच उरत नाहीं. त्यांत २००१ पासून 'मेटाक्रिटिक' नांवाची एक संस्था निरनिराळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढून एक आंकडा जाहीर करूं लागली, आणि धंद्याचीं गणितें त्या आंकड्यावर बेतलीं जाऊं लागलीं. 'फॉलआउट : न्यू व्हेगस' ही २०१० ची गेम ऑब्सिडियन या कंपनीनें बनविली होती, सरासरी ८५ आली तर प्रकाशकाकडून जादा मोबदला मिळावयाचा, असा करार होता. सरासरी आली ८४. एका गुणानें मोबदला गेला, हें २०१२ सालीं त्या कंपनीच्याच एका प्रमुखानें जाहीर केलें. ज्या आंकड्यावर कारागिरांची मिळकत अवलंबून आहे, तो आंकडा लिहितांना परीक्षकाचा हात जड होणार, हें उघड आहे. आणि तो जड झाला कीं वाचकाची फसगत होणार, हेंहि तितकेंच उघड आहे.

असो. मोठ्या पत्रांवरील विश्वास उडाला, तेव्हां तरुण वर्ग कोणाकडे वळला? यूट्यूबवर स्वतः खेळून दाखविणाऱ्या मंडळींकडे. हीं माणसें आपल्यांतलींच वाटतात, आपल्या भाषेंत बोलतात, आणि खेळ डोळ्यांपुढें चालू असल्यानें फसवणुकीला जागाच नाहीं असा भास होतो. परंतु येथेंहि राहुटी आहेच. फक्त ती अधिक खासगी आहे. २०१४ च्या 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' या गेमसाठीं वॉर्नर ब्रदर्स कंपनीनें यूट्यूबवरील लोकप्रिय मंडळींना स्तुतीपर चित्रफिती काढण्याबद्दल हजारों डॉलर दिले, आणि ही गोष्ट प्रेक्षकांना नीट सांगितली गेली नाहीं, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगानें ठेवला. २०१६ च्या जुलैंत तें प्रकरण तडजोडीनें मिटलें. पत्राच्या जाहिरातीला निदान चौकट तरी असते. मित्राच्या सुरांत केलेल्या जाहिरातीला ती नसते, म्हणून मी तिला अधिक घातक समजतों.

मग सामान्य खेळणारांचीं मतेंच कां पाहूं नयेत? हा मार्ग खरोखर उपयोगी आहे, पण तोहि निर्मळ राहिलेला नाहीं. २०२० च्या जूनमध्यें 'द लास्ट ऑफ अस' या गेमचा दुसरा भाग निघाला. ती पुरी करावयास वीस-पंचवीस तास लागतात. तरी पहिल्या कांहीं तासांतच हजारों लोकांनीं मेटाक्रिटिकवर तिला शून्य गुण दिले! शेवटीं गेम निघाल्यापासून ३६ तास कोणालाहि मत देतां येऊं नये, असा नियम त्या संस्थेला करावा लागला. त्याआधीं २०१४ सालीं तर परीक्षकांची नीतिमत्ता सुधारण्याच्या नांवाखालीं कांहीं टोळ्यांनीं गेम बनविणाऱ्या व तद्विषयीं लिहिणाऱ्या स्त्रियांचा अमानुष छळ मांडला होता. अविश्वास वाजवी असला तरी त्याच्या पाठीवर बसून कोण कोण येतें, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे.

आपल्या देशांतील उदाहरण हवें असेल तर 'फौजी' या गेमचें घ्यावें. सप्टेंबर २०२० मध्यें पबजीवर बंदी आली, आणि लगेच बेंगळुरूच्या एका कंपनीनें या स्वदेशी गेमची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ रोजीं ती बाहेर पडली. कोणी देशाभिमानानें पांच तारे दिले, कोणी पबजीच्या रागानें एक तारा दिला, आणि सरासरी थोड्याच दिवसांत खालीं आली. मुळांत गेम कशी होती? त्या वेळीं तींत मित्रांसमवेत खेळण्याची सोय नव्हती, आणि लढाई बहुतांशीं हातघाईची होती. एवढी साधी माहिती मोबाइलवरून ती उतरवून घेणाऱ्या मुलाला हवी होती. ती त्या ताऱ्यांच्या गर्दींत शोधावी लागे.

याच्या उलट पुण्याचें एक उदाहरण आहे, तें मला सुखद वाटतें. नोडिंग हेड्स या पुण्याच्या छोट्या कंपनीची 'राजी' ही गेम २०२० सालीं निघाली. भावाच्या शोधांत निघालेली एक मुलगी, तिला साह्य करणाऱ्या देवता, राजस्थानी वाड्यांसारखीं स्थळें, असा तिचा थाट आहे. जगांतल्या परीक्षकांनीं तिच्या चित्रकलेची वाहवा केली, पण लढाईची रचना सदोष आहे आणि खेळ चार-पांच तासांतच संपतो, हेंहि स्पष्ट लिहिलें. तरीहि त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्यें पदार्पणाच्या गटांत तिला नामांकन मिळालें. स्तुति व दोष दोन्ही खरे असले म्हणजे परीक्षणाचा कारागिरालाहि उपयोग होतो, तो असा.

मुखेडसारख्या ठिकाणीं बहुतेक मुलांचें खेळण्याचें यंत्र म्हणजे हातांतला मोबाइल, आणि गेम बहुधा फुकट मिळणारी. तेव्हां पैसा जातो तो आंत शिरल्यावर, पोशाख व शस्त्रें घेतांना. आणि सल्ला मिळतो तो थेट खेळून दाखविणाऱ्यांकडून. म्हणून भारतांतले याविषयींचे नियम ठाऊक असणें अगत्याचें आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें जानेवारी २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या सूचनांप्रमाणें, पैसे, भेटवस्तु किंवा फुकट माल घेऊन शिफारस करणाऱ्यानें तसें स्पष्ट सांगितलें पाहिजे. चित्रफीत असेल तर तें दिसलेंहि पाहिजे आणि ऐकूंहि आलें पाहिजे. केवळ खालच्या मजकुरांत लिहून भागत नाहीं. थेट प्रक्षेपण असेल तर ती सूचना प्रक्षेपण चालू असेपर्यंत पडद्यावर राहिली पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें प्रथम दहा लाखांपर्यंत व पुढें पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. भारतीय मानक ब्यूरोनेंहि २०२२ च्या नोव्हेंबरांत इंटरनेटवरील अभिप्रायांसाठीं एक मानक काढलें. अभिप्राय देणारा खरा आहे कीं नाहीं याची शहानिशा कशी करावी, हें तींत आहे, मात्र तें ऐच्छिक आहे.

पैसे लावून खेळावयाच्या गेमची गोष्ट मात्र अगदींच वेगळी. तेथें परीक्षक दिसत नसे. दिसत ते जाहिरात करणारे नट आणि क्रिकेटपटू. ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला, आणि नुसती जाहिरात करणाऱ्यालाहि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला.

संगणकावर खेळणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. 'स्टीम' या दुकानांत प्रत्येक अभिप्रायापुढें तो देणारा किती तास खेळला याची नोंद असते, आणि प्रत फुकट मिळाली असल्यास तसें लिहिलेलें असतें. २०१५ पासून तेथें घेतलेली गेम चौदा दिवसांच्या आंत, दोन तासांहून कमी खेळली असेल तर, परत देतां येते व पैसे परत मिळतात. दोन तासांत सारें कळत नाहीं हें खरें; पण आपल्या यंत्रावर ती चालते कीं अडखळते, एवढें कळावयास तेवढा वेळ पुरे होतो.