पाकिटातली अळंबी

खाकी कागदाचं पाकीट. आत घडी केलेला वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यात वीतभर लांबीची वाळकी काडी, टोकाला न उमललेल्या कापसाच्या बोंडासारखा लांबुळका फुगवटा. ऑगस्टमध्ये धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणातल्या एका वारुळावरून ही मी खणून काढली होती. आता जानेवारी आहे. जळगावात प्रयोगशाळेच्या टेबलावर, पांढऱ्या कागदावर ती आडवी ठेवली आहे. शेजारी मोजपट्टी, भिंग आणि नवं ब्लेड.

ती खणत होते तेव्हा गुरं चारणारे एक बाबा येऊन उभे राहिले. म्हणाले, "हाई खातस नही, ताई. खावानी येगळी शे." ते वाक्य मी तिथेच वहीत उतरवून घेतलं. खायची अळंबीही वारुळावरच येते. दोन्हींची जागा एक, पण बाबांना दुरूनच फरक कळला होता. मला तो आता वाळक्या नमुन्यावरून, मोजमाप करून सिद्ध करायचा आहे.

वर्णन नेहमी बाहेरून आत जातं. एकूण उंची १७ सेंमी, त्यात टोपी ६ सेंमी. देठ कठीण, तंतुमय, जवळजवळ लाकडी. बुडाशी गाठ आणि तिला चिकटलेली वारुळाची माती. टोपीवर सुटत चाललेले खवले. टोपीची खालची कड देठापासून फाटून मोकळी झालेली, पण छत्री मात्र उघडलेली नाही. बहुतेक अळंब्या वाळल्या की आक्रसतात, रंग बदलतात, कधी ओळखूच येत नाहीत. ही मात्र कोरड्या मुलखाचीच असल्यामुळे वारुळावर उभी असतानाच अर्धी वाळलेली होती. वहीत रंगाची नोंद 'मळकट पांढरा, खवल्यांची टोकं पिवळसर तपकिरी' अशी आहे, आणि आजही तसंच दिसतं. वासाची नोंद त्या दिवशी केली नसती तर आता ती मिळण्याचा मार्गच नव्हता.

मग ब्लेडने उभा छेद. हा क्षण मला फार आवडतो. टोपीच्या आत कल्ले नाहीत, म्हणजे छत्रीखाली असतात तसे पातळ पडदे नाहीत. सगळी जागा काळसर तपकिरी भुकटीने भरलेली, आणि त्या भुकटीच्या मधोमध देठ थेट शेंड्यापर्यंत गेलेला. एवढ्यावर बरेच संशयित गळतात. फेलोरिनिया हीदेखील कोरड्या मातीतली खवल्यांची अळंबी, पण तिचा देठ भुकटीच्या पिशवीतून आरपार जात नाही. बॅटारियाची पिशवी देठाच्या टोकावर बसवल्यासारखी असते. शाईटोपी, म्हणजे कोप्रिनस कोमॅटस, कोवळी असताना अगदी अशीच दिसते. पण तिला कल्ले असतात आणि ते पिकले की काळ्या शाईसारखे विरघळून गळतात. गंमत म्हणजे डीएनएच्या अभ्यासात माझ्या पाकिटातली अळंबी याच शाईटोपीच्या कुळात येते. एकीने कल्ले शाईसारखे विरघळू दिले, दुसरीने कोरड्या मुलखात बीजाणू भुकटी करून पिशवीत जपले.

तरी नजरेवर थांबायचं नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढी भुकटी काचपट्टीवर घेतली आणि त्यावर पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला. वाळलेल्या पेशी चपट्या पडलेल्या असतात. या द्रावणात त्या काही मिनिटांत फुगून मूळ आकाराच्या जवळ येतात. घाई केली तर चुकीचं माप हाती लागतं. मोजायच्या आधी सूक्ष्मदर्शकाची पट्टी तपासून घ्यावी लागते. त्यासाठी एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काच असते, तिचा प्रत्येक भाग दहा मायक्रॉनचा. तिच्याशी डोळ्याच्या भिंगातली पट्टी जुळवली की त्या पट्टीवरचा एक भाग किती मायक्रॉन भरतो ते ठरतं. मग तेलाचा थेंब आणि शंभरचं भिंग.

दिसले ते बीजाणू मोठे, गुळगुळीत, लालसर तपकिरी. भिंत जाड आणि दुहेरी. एका टोकाला कापल्यासारखं चपटं रंध्र. मधूनमधून पिळलेले रुंद धागे. मी तीस बीजाणू मोजले. लांबी ११ ते १४ मायक्रॉन, रुंदी १० ते १२. तीसच का, असं विद्यार्थी विचारतात. पाच मोजले की मन आपल्याला हवे तेच निवडतं. तिसापर्यंत पोचता पोचता त्याची निवड थकते आणि समोर येईल तो मोजला जातो. फेलोरिनियाचे बीजाणू साधारण निम्म्या मापाचे आणि खरबरीत असतात. तो संशय इथे कायमचा मिटला.

ही पोडॅक्सिस. १७७१ मध्ये लिनियसने हिला भुकटीच्या गोळ्यांच्या, म्हणजे लायकोपर्डनच्या, गटात घालून 'पिस्टिलॅरे' म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बत्त्यासारखी. खलातला बत्ता डोळ्यांसमोर आणा, नाव चपखल आहे. १८२९ मध्ये फ्रीसने तिला पोडॅक्सिसमध्ये आणलं. पुढे जगभरच्या कोरड्या प्रदेशांतून आलेली अशी जवळपास प्रत्येक अळंबी 'पिस्टिलॅरिस' म्हणूनच नोंदली गेली. २०१६ मध्ये मुख्यतः आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या नमुन्यांचा डीएनए वाचून झाला तेव्हा दिसलं, की या एका नावाखाली अनेक वेगळ्या वंशरेषा आहेत आणि त्यांतल्या काही वारुळांशी बांधलेल्या आहेत. म्हणून माझ्या नोंदीत मी 'पोडॅक्सिस पिस्टिलॅरिस गट, वारुळावर' एवढंच लिहिलं. त्याहून जास्त लिहिण्याचा अधिकार मला या पुराव्याने दिलेला नाही. नवी प्रजाती म्हणायची तर नियम कडक आहेत: होलोटाइप, म्हणजे नावाचा आधार म्हणून एक नमुना मान्य संग्रहालयात ठेवावा लागतो, आणि १ जानेवारी २०१३ पासून नावाला नोंदणी क्रमांकही लागतो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक बरणी आहे. एका महाविद्यालयाच्या जुन्या संग्रहातली, ओळख पटवण्यासाठी माझ्याकडे आलेली. फॉर्मेलिनमध्ये बुडवलेली, रंग उडालेली सुंदर छत्री. चिठ्ठीवर दोनच शब्द: 'अळंबी, सातपुडा'. सातपुडा म्हणजे कुठला? पाल, यावल की तोरणमाळ? झाडाखाली की वारुळावर? बीजाणू रंगहीन, गुळगुळीत आहेत. टर्मिटोमायसिस असावी असा दाट संशय येतो. वाळवी ज्या बुरशीची जमिनीखाली शेती करते तीच ही, बाबांनी सांगितलेली 'खावानी'. तिची खूण म्हणजे खोल वारुळातल्या मळ्यापर्यंत गेलेलं लांब मूळ. पण बरणीतली अळंबी जमिनीलगत कापलेली आहे; मूळ तिथेच मातीत राहिलं. फॉर्मेलिनने डीएनएही बिघडवला आहे. दोन दिवस घालवून मी फक्त प्रश्नचिन्ह लिहू शकले. कुणीतरी डोंगर चढून, जपून आणलेली ही अळंबी पाच मिनिटांच्या नोंदीअभावी मुकी झाली, याचं मला खरोखर दुःख आहे.

खान्देशाच्या फुलझाडांवर नीट काम झालेलं आहे. धुळे-नंदुरबारचा वनस्पतिकोश २००३ मध्ये आणि जळगावचा २००८ मध्ये पुस्तकरूपाने आला, दोन्हींमागे डॉ. डी. ए. पाटील यांचे कष्ट आहेत. अळंब्या त्या पुस्तकांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी पाहायचं ते पुण्याकडे. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आणि १९९२ पासून आघारकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय आहे. नैर्ऋत्य भारतातल्या छत्रीवाल्या अळंब्यांवरचा साठे आणि सहकाऱ्यांचा ग्रंथही १९८० च्या सुमारास याच संस्थेने काढला. पोडॅक्सिसचं अर्ध अंग मी तिकडे पाठवण्यासाठी वेगळं ठेवलं आहे. त्याआधी ते आठवडाभर उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये राहील, नाहीतर पाकिटातला किडा त्याची भुकटी करून टाकतो.

खान्देशात पहिला जोरदार पाऊस झाला की बांधावर, कुरणात, सागाच्या पाचोळ्यात अळंब्या दिसतील. ओळख पटल्याशिवाय एकही खाऊ नका. पण दिसली तर बुडापासून खणून काढा, जमिनीलगत कापू नका. वाळवण्याआधी फोटो घ्या: वरून, खालून, उभा छेद देऊन. वास घ्या आणि लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, अळंबी रात्रीत सडते. कागदात गुंडाळा आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उबेत वाळवा. आणि त्याच कागदावर, तिथेच उभं राहून, गाव, तारीख, कशावर उगवली होती आणि तिथली माणसं तिला काय म्हणतात एवढं पेन्सिलीने लिहा. शाई ओलाव्याने पसरते.