एकट्याचे दप्तर

घरी बसून एकट्याने संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारी तरुण मंडळी आज गोमंतकातही आहेत. कचेरीत चूक दाखवावयास सहकारी असतो, दप्तर राखावयास माणूस असतो. एकट्याला हे सारे स्वतःच करावे लागते. म्हणून लिहिलेले जपण्यासाठी साधन कोणते निवडावे, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी किरकोळ नाही.

पुष्कळजण ड्रॉपबॉक्ससारख्या सिंक करणाऱ्या सेवेवर विसंबून निर्धास्त राहतात. ही सेवा एका संगणकावरील फोल्डर दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरविते. परंतु जसेच्या तसे म्हणजे चुकीसकट! येथे चुकून पुसलेली फाइल पाहता पाहता तेथेही पुसली जाते. जुन्या प्रती काही काळ परत मिळतात, हे खरे. पण कोणता बदल कशासाठी केला, याचा उल्लेख त्यांत कोठेही नसतो.

ती नोंद राखणारी निराळी साधने आहेत. त्यांतील आज सर्वाधिक रूढ असलेल्या गिटचा जन्मच बोधप्रद आहे. लिनक्सची मंडळी बिटकीपर हे एका कंपनीचे साधन विनामूल्य वापरीत असत. २००५ साली ती सवलत बंद झाली, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी विनवण्या करीत न बसता स्वतःच गिट लिहावयास घेतले. मर्क्युरिअल हे दुसरे साधनही त्याच वर्षीचे आणि त्याच निमित्ताचे. दोहोंचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक प्रतीत कामाचा संपूर्ण इतिहास असतो. २०२० साली बिटबकेटने मर्क्युरिअलचा आश्रय काढून घेतला. ज्यांच्या घरी पूर्ण प्रत होती, त्यांचा हा इतिहास शाबूत राहिला.

मर्क्युरिअल शिकावयास सोपे, असे अनेकांचे मत आहे. तथापि अडल्यावेळी विचारावयास माणसे आणि वाचावयास पुस्तके गिटचीच अधिक. म्हणून नवशिक्याने गिटच घ्यावे, असे आम्हांस वाटते. मात्र नुसते गिटही पुरे नाही. संगणक बिघडला की त्यातले दप्तरही गेले! तेव्हा एक प्रत दूरच्या सर्व्हरवर व एक घरातल्या वेगळ्या डिस्कवर असावी. गिटचे फोल्डर सिंकच्या फोल्डरात ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. दोन संगणकांवर एकाच वेळी बदल झाले, तर त्याच्या अंतर्गत फाइलींचा गोंधळ होऊन सारा इतिहासच बिघडण्याचा धोका असतो.

किर्दीतली चूक खाडाखोड करून लपवावयाची नसते, दुरुस्तीची नवी नोंद घालावयाची असते, हे पेढीवरचा मुनीम जाणून असे. हाच नेम येथेही लागू आहे. दिवसाचे काम संपले की काय बदलले व का बदलले, हे एका ओळीत लिहून ठेवावे. साधन विनामूल्य मिळते; सवय आपली आपणच लावून घ्यावी लागते. ज्याचे दप्तर दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याचे स्वातंत्र्यही त्याच मर्जीवर, हे आमच्या तरुणांनी विसरू नये.